उद्या पुन्हा सायकलवर बसायचंय

डायलिसिस केंद्रातल्या माझ्यासारख्या तंत्रज्ञाचा दिवस एकाच प्रश्नाने सुरू होतो: आज कोण आलं नाही? पहिल्या शिफ्टची मशीन लावून झाली की वहीतली नावं आणि खाटांवरची माणसं जुळवायची. एखादी खाट रिकामी दिसली की फोन लावायचा. पलीकडून मिळणारं कारण बहुतेक वेळा आजाराचं नसतं. "वडापची जीप भरलीच नाही, निघणार कसं?" "पोराचा खाडा होतो मॅडम, किती वेळा सांगू त्याला?" "एवढी वेळ जाऊ द्या, सोमवारी नक्की येतो."

उपचाराचा खर्च हा आता पूर्वीइतका मोठा अडसर राहिलेला नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला, राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे. पण पुण्यात सातच्या शिफ्टला पोचायचं तर पुरंदर नाहीतर दौंडकडच्या वस्तीवरून पहाटे पाचला निघावं लागतं, त्या वेळी त्या फाट्यावर एसटी नसते. परतताना चार तास मशीनवर काढलेल्या माणसाला स्टँडपर्यंत चालवत नाही. मग रिक्षा, वडाप, शेजाऱ्याची मोटारसायकल. सोबत येणाऱ्याचं भाडं वेगळं, त्याची बुडालेली मजुरी वेगळी. हे आठवड्यातून दोनदा-तीनदा, आणि जन्मभर.

डायलिसिस चुकलं तर काय होतं हे आम्ही डोळ्यांनी बघतो. अंगात पाणी साठतं, रात्री आडवं झालं की दम लागतो, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शनिवारची वेळ हुकलेला माणूस सोमवारी आमच्याकडे चालत येईलच असं नसतं. कधी तो रविवारी मध्यरात्री स्ट्रेचरवरून कॅज्युअल्टीत येतो. हे सगळं काही रुपयांच्या भाड्यापायी व्हावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

या भाड्यासाठी निधी उभा करायचा असं आमच्या केंद्रात ठरलं. आमचे नेफ्रॉलॉजिस्ट सर सायकलवाले. साडेतेरा तासांत २०० किलोमीटरच्या ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, त्यांनी पूर्ण केल्या होत्या. जानेवारीत पुणे ते पणजी, पाच दिवस, वाटेत निधी आणि मूत्रपिंडाच्या आजाराची माहिती, ही कल्पना त्यांची. त्यांच्या जोडीला आम्ही : मी, आमच्या इनचार्ज सिस्टर, दोन तंत्रज्ञ पोरं, हिशेब बघणारे काका आणि रुग्णांपैकी एकाचा मुलगा. दिवाळी उरकली होती. हातात होता तो नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबर, तोही ड्यूट्या सांभाळून. सर सोडले तर आमच्यातल्या कोणीही त्याआधी सलग दोन दिवस लांब पल्ल्याची सायकल चालवलेली नव्हती.

सरांनी पहिल्याच बैठकीत एक गोष्ट ठणकावून सांगितली आणि पुढची सगळी तयारी तिच्याभोवती फिरली. एका दिवसात किती किलोमीटर होतात याला पाच दिवसांच्या सफरीत फारसा अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सीटवर बसता येतं का, तिसऱ्या दिवशी येतं का, एवढंच बघायचं. आज असं चालवायचं की उद्याचं काही बिघडणार नाही. माझ्या रोजच्या कामात तेच तर असतं. एका वेळच्या डायलिसिसने कोणी बरं होत नाही. पुढच्या वेळेला तो माणूस आला पाहिजे, त्याच्या पुढच्याही आला पाहिजे. म्हणून मला हे चटकन कळलं आणि पटलंही.

वेळ कुठून काढायचा हा पहिला प्रश्न होता. आमच्या केंद्राला रविवारी सुटी असते, म्हणून लांबची फेरी रविवारी. पण नुसत्या रविवारने भागणार नव्हतं, कारण ताज्या पायांनी ८० किलोमीटर जाणं वेगळं आणि दमलेल्या पायांनी ५० जाणं वेगळं. त्यामुळे शनिवारी दिवसभर उभं राहून काम झालं की संध्याकाळी हडपसरहून लोणी काळभोर, थेऊर आणि परत. रात्री लवकर झोपून रविवारी पहाटे दिवे घाट, सासवड, जमलं तर जेजुरी. थोड्या दिवसांत जास्तीत जास्त फायदा कशाने होत असेल तर या जोडफेरीने, असं माझं ठाम मत झालं आहे. शनिवारच्या थकव्यावर रविवार रचला की शरीराला सफरीच्या दुसऱ्या दिवसाची चव आधीच कळते. मधल्या दिवसांत कामावर सायकलनेच जायचं, थोडा वळसा घेऊन. बाकी व्यायाम म्हणाल तर जिने, भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं आणि पाठीचे व्यायाम. लिफ्ट आम्ही त्या काळात जवळजवळ वापरलीच नाही.

रविवारची फेरी थोडी थोडी वाढवत नेली. सफरीतला सगळ्यात लांब टप्पा साधारण १२५ किलोमीटरचा होता, पण सरावात आम्ही तेवढं कधीच गेलो नाही. सर म्हणाले, नव्वदीच्या पुढे गेलात तर पुढचा आठवडा थकवा भरून निघण्यात जाईल आणि तेवढा वेळ आपल्याकडे नाही. शेवटची मोठी फेरी निघण्याच्या बऱ्याच आधी उरकली आणि शेवटचा आठवडा अगदी हलका ठेवला. थोड्या दिवसांत तयारी करणाऱ्याला नेमकं हेच जड जातं. कमी पडलंय असं सारखं वाटत राहतं आणि शेवटच्या आठवड्यात भर घालायचा मोह होतो. त्या आठवड्यात केलेल्या श्रमाचा फायदा पायांना मिळेपर्यंत सफर संपलेली असते, उरतो तो फक्त थकवा.

वेग किती ठेवायचा, यासाठी आमच्यापैकी कोणाकडे हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ नव्हतं. इनचार्ज सिस्टर वारकरी घरातल्या. दिवे घाट म्हणजे माउलींच्या पालखीची वाट. त्या घाट चढताना हरिपाठ म्हणायच्या. दम लागून शब्द तुटला की गिअर हलका करायचा आणि वेग उतरवायचा. शब्द सलग निघू लागला की तोच वेग धरून ठेवायचा. त्यांच्या मागे मागे चढताना मला कळलं की घाट ताकदीने चढायचा नसतो. हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरत राहिले, मिनिटाला ऐंशीच्या आसपास, की गुडघ्यांवर भार येत नाही. जड गिअरमध्ये दात-ओठ खाऊन चढलेला माणूस घाटमाथ्यावर आधी पोचतो हे खरं, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरतो.

माझी सायकल साधी हायब्रिड, जुनी विकत घेतलेली. आमच्या भागातल्या सायकलवाल्या काकांनी मला तिच्यावर बसवलं, टाच पॅडलवर ठेवायला लावली आणि पॅडल पार खाली नेलं. "पाय सरळ झाला पाहिजे ताई. आत्ता गुडघा किती दुमडतोय बघा." त्यांनी सीट चांगली दोन बोटं वर घेतली, मग थोडी मागे सरकवली. पुन्हा बसवलं, पुन्हा बघितलं. तेवढ्या अर्ध्या तासाने मला जे दिलं ते महिनाभराच्या सरावाने दिलं नसतं. कमी सराव असलेल्या माणसाने नव्या सायकलीवर पैसे घालण्याआधी आहे ती सायकल स्वतःच्या मापाची करून घ्यावी. पॅड असलेली चड्डी चांगली घ्यावी, तिच्या आत दुसरं काही घालू नये आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन लावावं. लांबची सायकल पायांपेक्षा कातडीमुळे जास्त वेळा थांबते. हे बोलायला लोक संकोचतात, म्हणून इथे स्पष्ट लिहिते.

हाताचा मुद्दा मात्र माझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा होता. डायलिसिसच्या सुया रुग्णाच्या फिस्टुलात मला घालायच्या असतात. फिस्टुला म्हणजे हाताची शीर आणि रोहिणी शस्त्रक्रियेने जोडून केलेला मार्ग. त्यावर बोट ठेवलं की आत एक थरथर लागते. ती थरथर सुई घालण्याआधी बोटांच्या टोकांना नीट कळावी लागते. सुई १६ नंबरची, चांगली जाड. अशा दोन घालायच्या, रक्त न्यायला एक आणि आणायला एक. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूवर तासन् तास भार पडला की तिथली नस दबते आणि करंगळी-अनामिका बधिर होतात. काही सायकलस्वारांना ती बधिरता आठवडेच्या आठवडे पुरते. मला ती एक दिवसही परवडणारी नव्हती. म्हणून सायकलवाल्या काकांकडून हँडल उंच करून घेतलं, टोकांना आडव्या मुठी बसवल्या, जेल असलेले हातमोजे घेतले. कोपर नेहमी किंचित दुमडलेले ठेवायचे, मनगट सरळ, आणि दर थोड्या वेळाने पकड बदलायची. रविवारच्या फेरीनंतर घरी आल्यावर मी डोळे मिटून बोटांच्या टोकांनी स्वतःच्या मनगटाची नाडी शोधायची. मिळाली की मगच आंघोळीला जायची.

खाण्यापिण्याची तयारी आमच्या केंद्रात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाली आणि ती मनाला लागूनही गेली. सायकलस्वाराला ताशी ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ लागतात. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. भूक लागायची वाट बघायची नाही, पहिल्या अर्ध्या तासापासून थोडं थोडं खात राहायचं. केळी, खजूर, राजगिऱ्याची वडी, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, शहाळं. यातलं केळं, खजूर आणि शहाळं माझ्या रुग्णांना वर्ज्य, पोटॅशियममुळे. चिक्कीतले शेंगदाणेसुद्धा जपूनच. आम्ही डब्यात जे भरत होतो ते आम्हीच त्यांना रोज नको म्हणून सांगत होतो. त्यामुळे केंद्रात यातलं काही उघडायचं नाही, असा नियम इनचार्ज सिस्टरांनी केला.

पाण्याचंही तसंच. डायलिसिसच्या रुग्णाला दोन वेळांच्या मधे वाढलेल्या वजनाचा हिशेब द्यावा लागतो, कारण ते वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. कित्येकांना दिवसाला अर्धा-पाऊण लिटरमध्ये भागवावं लागतं. आम्हाला उलटं शिकायचं होतं. फेरीच्या आधी आणि नंतर वजन करायचं, एक किलो कमी भरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी भरून काढायचं राहिलं. नुसतं पाणी ढोसलं तरी धोका, रक्तातलं सोडियम पातळ होतं. म्हणून दुसरी बाटली ओआरएसची. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सासवडकडून येणाऱ्या एका रुग्णकाकांनी मशीनवर पडल्या पडल्या मला विचारलं, "दिवसाला किती पाणी पिणार तुम्ही तिकडं?" मी म्हटलं, चार-पाच लिटर. ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. "माझं आठवडाभराचं झालं," म्हणाले. "प्या पोरी. आमच्या वाटचं प्या." पुढच्या कोणत्याही टप्प्यावर पाण्याची बाटली मी भरलेली परत आणली नाही.

इथे बायकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. रस्त्यावर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून आपण पाणी कमी पितो. नोकरीत पितो, प्रवासात पितो, तसंच सायकलवरही करू जातो. ते घातक आहे. मी आणि सिस्टरांनी नकाशावर प्रत्येक टप्प्यातले पेट्रोलपंपांवर आणि मोठ्या हॉटेलांवर आधीच खुणा करून ठेवल्या. सायकलींमागून येणाऱ्या गाडीच्या चालकदादाला सांगून ठेवलं की थांबे आम्ही ठरवू. पाळीच्या दिवसांची सोयही गाडीतल्या एका पिशवीत वेगळी ठेवली. पुरुषांच्या बरोबरीने निघणाऱ्या प्रत्येक गटात हे बोलणं पहिल्या बैठकीत झालं पाहिजे, संकोच बाजूला ठेवून. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांची सरांनी ईसीजी, रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिनची तपासणी केली. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डिसेंबरच्या अखेरीस घाटात फरक जाणवला.

पैसे मागायची तयारी ही वेगळीच. लोक पहिला प्रश्न हाच विचारत: सायकल कशाला चालवता? तो वेळ आणि खर्च वाचवून तेवढे पैसेच द्या की. प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर देता आलं पाहिजे. आमचं उत्तर असं होतं की राहणं, खाणं, गाडीचं डिझेल, सायकलींची दुरुस्ती हा सगळा खर्च आम्ही आमच्या खिशातून करणार, निधीतला रुपया त्यावर जाणार नाही. आणि नुसता मदतीचा निरोप लोक एकदा वाचून पुढे ढकलतात. सायकलची तयारी मात्र दीड-दोन महिने चालते. सोसायटीतले लोक रोज विचारतात, "काय, कुठपर्यंत आली तयारी?" प्रत्येक वेळी मूत्रपिंडाचा विषय निघतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची सगळ्यांत मोठी कारणं आहेत. आमच्या गल्लीतल्या कितीतरी लोकांनी त्या निमित्ताने लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनीन तपासून घेतलं. सायकलचा हा उपयोग नवा नाही. बाबा आमटे १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडो अभियान घेऊन निघाले तेव्हा शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते. मणक्याच्या दुखण्यामुळे बाबा स्वतः गाडीत आडवे पडून प्रवास करत होते. गाड्यांचा ताफा काढणं सोपं होतं, तरी त्यांनी तरुणांना सायकलवर बसवलं. सायकलवरून गावात शिरलेल्या माणसाशी लोक थांबून बोलतात, हे आम्हीही नंतर अनुभवलं.

देणगी किलोमीटरवर बांधायची नाही, हा माझा आग्रह होता. "तुम्ही जितके किलोमीटर जाल तितके रुपये" ही पद्धत ऐकायला बरी वाटते, पण त्यात दमलेला माणूस दुखरा गुडघा घेऊन चालवत राहतो, कारण थांबला तर रुग्णाचे पैसे बुडतात. तसा भार कोणावर टाकू नये. आम्ही ठरावीक रक्कम मागितली आणि ती निघण्याआधीच जमा करून घेतली. पैसे थेट निधी सांभाळणाऱ्या विश्वस्त संस्थेच्या खात्यात, आमच्या कोणाच्या नाही. दोन हजारांच्या वरची रोख देणगी आयकराच्या वजावटीला चालत नाही, म्हणून मोठी देणगी चेकने किंवा यूपीआयने, पावती पॅन क्रमांकासह. आणि कोणत्याही रुग्णाचा फोटो पत्रकावर नाही. हातात सुया असलेल्या, मशीनला जोडलेल्या माणसाचा चेहरा दाखवून पैसे लवकर जमतात, हे मला माहीत आहे. पण त्या माणसाच्या मुलीचं लग्न जमायचं असतं, त्याला गावात मान असतो. तो फोटो पुन्हा कधीच मागे घेता येत नाही.

आम्ही निघालो तेव्हा केंद्र बंद नव्हतं. एका रुग्णाच्या एका वेळच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, त्यासाठी आरओचं यंत्र रोज तपासावं लागतं, मशीन निर्जंतुक करावी लागते. पाच दिवस ते सगळं मागे राहिलेल्यांनी केलं, दुहेरी ड्यूट्या करून. साफसफाई करणाऱ्या मावशी तर पहिल्या शिफ्टच्याही आधी येत होत्या. पत्रकावर पहिली नावं त्यांची छापली, सायकल चालवणाऱ्यांची त्यांच्याखाली. हे कोणाला दाखवण्यापुरतं केलं नव्हतं. खरोखरच जास्त श्रम त्यांचे होते.

टप्प्यांचं गणित हिशेब बघणाऱ्या काकांनी आणि सरांनी मिळून मांडलं. पहिला दिवस कात्रजचा जुना घाट, शिरवळ, खंडाळा, खंबाटकी आणि सातारा, साधारण ११०. दुसरा सातारा ते कोल्हापूर, सगळ्यांत लांब. लांबचा टप्पा मुद्दाम दुसऱ्या दिवशी घेतला, कारण तोवर थकवा साठलेला नसतो आणि कऱ्हाडच्या पुढे रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. तिसऱ्या दिवशी निपाणी, उत्तूर करत आजरा. चौथ्या दिवशी आंबोली उतरून सावंतवाडी. पाचव्या दिवशी बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी. शेवटचे दोन्ही टप्पे साठ-पासष्टच्या घरातले. गाळप हंगाम चालू होता. कऱ्हाड-कोल्हापूर पट्ट्यात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. म्हणून अंधार पडल्यावर एक किलोमीटरही चालवायचं नाही, उरलेलं अंतर असेल तर गाडीत बसायचं, हे निघण्याआधी प्रत्येकाने कबूल केलं होतं. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे जागोजागी वळणरस्ते आणि धूळ होती, त्यासाठी मास्क घेतले होते.

खंबाटकी मी हलक्या गिअरमध्ये, सिस्टरांच्या हरिपाठाच्या मागे चढले. संध्याकाळी साताऱ्यात पोचल्यावर पाय जड होते पण दुखत नव्हते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे होती. साडेपाचला उठले, पोहे खाल्ले, सीटवर बसले. पहिले काही किलोमीटर बसण्याची जागा ठणकत राहिली. नागठाणे गेलं, अतीत गेलं, आणि उंब्रजच्या आसपास ठणका आपोआप मागे पडला. शनिवार-रविवारच्या जोडफेऱ्यांनी हेच शिकवलं होतं : दुसऱ्या सकाळचा पहिला तास वाईट असतो आणि तो संपतो. ज्याला हे माहीत नसतं तो त्या तासातच सायकल टेम्पोत टाकतो. किणी टोलनाक्याच्या अलीकडे तंत्रज्ञ पोरांपैकी एकाच्या मांडीत पेटके येऊ लागले. तो न सांगता गाडीत बसला, दोन तास मीठ-साखरेचं पाणी पीत राहिला आणि शिरोलीहून पुन्हा आमच्यात आला. त्याला कोणी एका शब्दाने काही विचारलं नाही. देणगी किलोमीटरवर नसल्याचा फायदा तिथे दिसला.

आंबोलीला सकाळी दाट धुकं होतं. आम्ही चहा घेत ते विरेपर्यंत थांबलो आणि नऊनंतरच उतार घेतला. ब्रेकचे रबर निघण्याआधी नवे टाकले होते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते, म्हणून दोन्ही ब्रेक आळीपाळीने, दाबायचे आणि सोडायचे. एकमेकांत भरपूर अंतर ठेवून उतरायचं, माकडं आली तर थांबायचं. दाणोलीला खाली पोचल्यावर हवा एकदम दमट, कोकणातली. सावंतवाडीत मोती तलावाजवळ स्थानिक डॉक्टरांनी लोक जमवले होते. तिथे सरांनी अर्धा तास मूत्रपिंडाबद्दल मालवणीमिश्रित मराठीत प्रश्न घेतले. पणजीला आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला पोचलो, सगळेच्या सगळे, सायकलवर.

सोमवारी सकाळी मी ड्यूटीवर होते. पहिल्या रुग्णाच्या फिस्टुलावर बोट ठेवलं, थरथर नीट लागली, सुया पहिल्या प्रयत्नात बसल्या. सासवडच्या काकांनी फक्त एवढं विचारलं की पाणी पुरलं का.

निधीतून भाडं सुरू झालं ते असं : सासवड, यवत आणि दौंडच्या बाजूने एकाच शिफ्टला येणाऱ्यांचे गट केले आणि ठरलेल्या वेळेला ठरलेली रिक्षा किंवा जीप लावली. पैसे रुग्णाच्या हातात न देता गाडीवाल्याला महिन्याला देतो. वहीतल्या रिकाम्या जागा कमी झाल्या आहेत, संपलेल्या नाहीत. पावसाळ्यात अजूनही वाट तुटते आणि कोणीतरी राहतं.

पल्ल्याची सायकल चालवायची इच्छा असलेल्या, पण वेळ नाही म्हणून मागे राहिलेल्या वाचकांना एवढंच सांगेन की दीड-दोन महिने पुरतात. सीट मापात करा, शनिवार-रविवार जोडून चालवा, पाणी प्या, अंधारात चालवू नका, आणि निघण्याआधी पैसा कुठे जाणार ते कागदावर लिहा. सायकल चालवायची नसेल तरीही एक काम करता येईल. तुमच्या तालुक्यातल्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या डायलिसिस केंद्रात जा आणि तिथल्या तंत्रज्ञाला विचारा की भाड्यावाचून कोणाचं डायलिसिस चुकतंय. नाव विचारू नका, महिन्याचं भाडं किती ते विचारा आणि ते उचला.